माझा नवा गळा

मी एक टॉप बोलतोय. शेवाळी रंगाचा, सुती, अर्ध्या बाह्यांचा आणि अगदी साधा. दुकानात माझ्या शेजारी टांगलेल्या भावंडांपैकी कुणाला खिसा होता, कुणाला झालर होती, एकाला तर पाठीवर मोठी गाठ होती. मला काहीच नव्हतं. गिऱ्हाइकं मला हाताने बाजूला सारायची आणि पुढच्याला उचलायची. मी गप्प असायचो. खरं सांगायचं तर मी बोलायला लागलो तो माझा गळा कापला गेल्यानंतर. गळा होता तोवर माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

त्या गळ्याचीच ही गोष्ट आहे.

एका लांबलचक खोलीत, मशिनींच्या घरघरीत मी शिवला गेलो. एकीने बाह्या जोडल्या, दुसरीने कडा दुमडल्या, तिसरीने गळ्याला पट्टी लावली. ही तिसरी त्या वेळी शेजारणीकडून कुणाचं तरी लग्न मोडल्याची हकीकत ऐकत होती. हकीकत ऐन रंगात आली आणि शिलाई अर्धा बोट आत सरकली. तिला कळलंही नाही. त्या अर्ध्या बोटामुळे माझा गळा जन्मभरासाठी अरुंद झाला. लग्न मोडलं कुणाचं आणि गळा आवळला माझा!

शेवटी मला एका बाईने उचललं. ती एका वाचनालयात काम करायची. दिवसभर लोकांना "हळू बोला" म्हणायचं आणि स्वतःही कुजबुजत बोलायचं, ही तिची नोकरी. त्यामुळे दिवसभराचा आवाज तिच्या पोटात साठून राहायचा आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर बाहेर पडायचा. ती हसायला लागली की आधी खांदे हलायचे, मग पोट, आणि आवाज सगळ्यात शेवटी यायचा. मी अंगावर असायचो, म्हणून हा क्रम मला पाठ आहे.

घरात तिला आई म्हणणारी एक मुलगी होती, म्हणून मीही तिला आईच म्हणेन.

मला घालणं म्हणजे रोजचं एक नाटक होतं. हात बाह्यांतून सुरळीत जायचे, पण डोकं काही गळ्यातून बाहेर येत नसे. आई आतल्या आत अडकायची आणि तिथूनच ओरडायची, "अगं, कुणी आहे का बाहेर? मला जन्माला घाला!"

मग मुलगी धावत यायची, मला दोन्ही हातांनी खाली खेचायची आणि आईचं डोकं फटकन बाहेर यायचं. केस पिंजारलेले, चष्मा एका कानावर.

"मुलगी झाली!" मुलगी म्हणायची.

"रडत नाहीये, बघा बरं डॉक्टर," आई म्हणायची, आणि दोघी हसत सुटायच्या. वडील दाढी करता करता आरशातून बघायचे आणि काही न बोलता पुन्हा गालाला साबण लावायचे.

वडील चष्मे बनवायचे. माणूस मोजका बोलणारा, आणि बोललाच तर भलत्या ठिकाणाहून सुरुवात करणारा. त्यांना विनोद सांगता येत नसे. ते शेवट आधी सांगून टाकायचे आणि मग सुरुवात शोधत बसायचे. आई म्हणायची, "तुमच्या विनोदाला मागून धक्का मारावा लागतो."

अशी कितीतरी वर्षं गेली. रोज खेचून खेचून माझ्या गळ्याची पट्टी विरली, कडेला दोरे लोंबू लागले, रंग उडून तिथे फिकट कडं पडलं. पोटाशी, पाठीशी मी ठणठणीत होतो. फक्त गळ्याशी संपलो होतो.

"आता फरशी पुसायला घे," मुलगी म्हणाली.

"वरचा मजला पडला म्हणून कुणी घर सोडतं का?" आई म्हणाली. "ह्याला मी वरून, गळ्या-खांद्यांपुरता, जाळीचा योक लावणार. क्रोशाचा. फुलाफुलांचा. मग बघ, तूच मागशील."

तिने मोतिया रंगाचा दोरा आणला आणि एका सुट्टीच्या दुपारी मला जेवणाच्या टेबलावर पसरलं. त्या दिवशी तिची मोठी बहीण आली होती. मुलीची मावशी. मावशी इमारतींचे नकाशे काढायची. तिच्या पर्समध्ये फणी नसेल एक वेळ, पण फूटपट्टी असायचीच. कुणाच्या भिंतीवर तसबीर वाकडी दिसली तर चहा पिण्याआधी ती सरळ करून यायची.

आईने खडूने माझ्या छातीवरून एक रेघ मारली आणि कात्री उचलली.

"थांब, थांब!" मावशी ओरडली. "हे काय करतेस? आधी जाळी विण, मापात बसते का बघ, मग काप. नवीन छप्पर यायच्या आधी जुनं काढतात का कुणी?"

"ताई, आधी कापलं की करावंच लागतं. नाहीतर करू, करू म्हणत वर्ष जाईल."

"आणि नाहीच झालं तर?"

"तर हा बिचारा गळ्यावाचून राहील, आणि मला त्याची लाज वाटेल, म्हणून होईल," आई म्हणाली आणि तिने कात्री चालवली.

तुम्हाला वाटेल, दुखलं असेल. नाही. गुदगुल्या झाल्या. आणि इतक्या वर्षांची ती आवळलेली पट्टी दूर झाल्यावर पहिल्यांदा मोकळा श्वास आला. मावशीने मात्र दुसरीकडे तोंड फिरवलं होतं.

त्या संध्याकाळपासून आई विणायला बसली. आधी साखळीचं लहानसं कडं, त्याभोवती खांब, खांबांवर आठ पाकळ्या, पाकळ्यांभोवती जाळी. एक फूल झालं की शेवटच्या फेरीत ते शेजारच्या फुलाला जोडायचं. उजव्या खांद्यापासून सुरुवात करून अशी फुलं गळ्याभोवती फिरवत डाव्या खांद्यापर्यंत न्यायची होती. मी तिच्या मांडीवर असायचो आणि एकेक फूल माझ्यावर ठेवून ती अंदाज घ्यायची. फूटपट्टी नाही, काही नाही. डोळे बारीक करून म्हणायची, "बसेल."

विणताना ती अखंड बोलायची. वाचनालयात कुणी पुस्तकात खूण म्हणून काय काय ठेवून परत केलं, कोण पुस्तक उलटं धरून झोपला होता. बोलता बोलता हसू आलं की सुई थांबायची. हसून झालं की पुन्हा चालायची. पण हसल्यानंतरचं साखळीचं पहिलं घर जरा मोठंच पडायचं. ती ते उसवायची नाही. "कुणाला दिसतंय?" म्हणून पुढे जायची.

दोघी बहिणी आपल्या आईकडून एकाच दुपारी, एकाच पायरीवर बसून क्रोशा शिकल्या होत्या. तरी हात दोन तऱ्हांचे. आईचा सैल, मावशीचा घट्ट. आई म्हणायची, "ताईने विणलेल्या पिशवीतून पाणी आणावं, थेंब सांडायचा नाही." मावशी म्हणायची, "आणि हिने विणलेल्या पिशवीतून बटाटे आणावेत, म्हणजे घर शोधायला लागत नाही. बटाट्यांच्या मागे मागे जायचं."

त्याच सुमारास मुलीने रेडिओवर अर्ज केला होता. लहान मुलांना गोष्ट सांगायचा कार्यक्रम. लहानपणापासून तिची बडबड इतकी की मावशीने तिचं नावच टिटवी ठेवलं होतं. मलाही तेच आवडतं.

"तुझी निवड झाली ना," आई म्हणाली, "की पहिल्या दिवशी हा घाल. जाळी पुरी झाली की टॉप तुझा."

वडिलांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "पण रेडिओवर टॉप कुणाला दिसणार?"

ते खरंच विचारत होते. आईचे खांदे हलले, पोट हललं, आणि मग जो आवाज आला त्याने मी मांडीवरून खाली घसरलो. त्या दिवशीचं घर चांगलं करंगळी जाईल एवढं पडलं.

पुढे आई आजारी पडली. त्याबद्दल मी फार सांगू शकत नाही, कारण मी कपाटात होतो. पहिल्यांदा दवाखान्यात जाताना तिने मला, झालेला योक, दोरा आणि सुई एका कापडी पिशवीत घालून दाराच्या मागे अडकवलं होतं. "आल्यावर करते," म्हणाली होती. एकदा आली, तेव्हा नुसता पिशवीवरून हात फिरवला. पुन्हा गेली ती परत आली नाही. मग कुणीतरी पिशवी कपाटात ठेवली. उजवी बाजू पुरी झाली होती. सुई शेवटच्या फुलाच्या शेवटच्या घरात तशीच अडकलेली होती.

कपाटातून घर ऐकू यायचं. भांड्यांचा आवाज यायचा, नळाचा यायचा, माणसांचाही यायचा. सगळे हळू बोलायचे. वाचनालयातल्यासारखं.

मग एके दिवशी कपाट खाडकन उघडलं.

"बाबा, निवड झाली! येत्या शनिवारी पहिली गोष्ट. थेट प्रक्षेपण!" टिटवीने पिशवी छातीशी धरली होती. आतून मला तिचं काळीज उडताना कळत होतं. तिने मला टेबलावर काढलं, उलगडलं, आणि तिचा उत्साह जरा ओसरला. मला गळा नव्हता. असा कसा घालणार?

तिने मावशीला फोन केला. मावशी आली ती ऑफिसातून थेट, फूटपट्टीसकट.

"तेव्हाच सांगितलं होतं मी," ती मला बघून म्हणाली. "आधी जाळी, मग कात्री." पण हे बोलताना ती मला हाताने सरळ करत होती, आणि तो हात वाजवीपेक्षा जास्त वेळ माझ्यावर राहिला. मग तिने अडकलेली सुई अलगद सोडवली. "शनिवारला फार दिवस नाहीत. डावी बाजू मी करते. त्यात काय, फुलंच तर आहेत."

तिने पहिलं फूल विणलं. देखणं! एक टाका इकडचा तिकडे नाही. दुसरं विणलं, तिसरं विणलं. मग तिघांनी ती फुलं आईच्या फुलांशेजारी मांडली.

आईचं फूल बशीएवढं, तर मावशीचं बटणाएवढं. बरं, थोडं वाढवून सांगतोय मी, पण जोडल्यावर माझा गळा सगळा डावीकडे ओढला जाणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी असा दिसलो असतो, जणू कुणीतरी माझा डावा खांदा धरून मला ठाण्यात नेतंय.

मावशीने उसवलं. जाड सुई घेऊन विणलं. आता फुलं मापात आली, पण मासे धरायच्या जाळ्यासारखी दिसू लागली. पाकळीला पाकळीपण राहिलं नाही. तिने तेही उसवलं. पुन्हा आईची सुई घेतली, ओठ दाबले, श्वास रोखला आणि मुद्दाम सैल विणायला बसली. पुन्हा बटण.

"हात ऐकतच नाही माझा," ती म्हणाली. उसवून उसवून दोरा पिंजायला लागला होता, आणि तो मोतिया रंग आता दुकानात मिळत नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी मावशीने सुई खाली ठेवली. "टिटवे, एकच उपाय आहे. सगळं उसवते आणि पहिल्यापासून एकहाती करते. दोरा पुरेल, आणि मापही नीट बसेल."

"सगळं म्हणजे?"

मावशीने योकच्या दोऱ्याचं टोक हातात घेतलं.

"आईचं उसवायचं?"

"मला काय हौस आहे?" मावशीचा आवाज चढला. "माझी बहीण होती ती. पण वाकडं घालून जाणार आहेस का तू? पहिल्याच दिवशी?"

"मग नाही घालत. गळ्यावाचून राहू दे. आईचं उसवायचं नाही."

टिटवीने माझी उजवी बाजू मुठीत धरली होती. मावशीच्या हातात दोऱ्याचं टोक होतं. एक ओढ, आणि आईच्या त्या सगळ्या संध्याकाळी भर्रकन गुंड्यात परत गेल्या असत्या. मला पुन्हा गळा हवा होता, खोटं कशाला बोलू? पण त्या क्षणी मलाही वाटलं, नको. राहीन तसाच. फरशी पुसेन.

तेवढ्यात वडील उठले. आतून आपलं भिंग घेऊन आले, आणि दुकानात काच तपासतात तसे आईच्या फुलांवर वाकले.

"ताई, हे बघा. प्रत्येक फुलात एखादं घर मोठं आहे."

"कितव्या फेरीत?" मावशीने लगेच फूटपट्टी काढली.

"कुठेही. इथे पाकळीत आहे, इथे जाळीत. नियम काही नाही."

"नियम नाही असं कसं? काहीतरी हिशोब असणार तिचा." मावशी भिंग घेऊन शोधू लागली.

टिटवीने योक हातात घेतला आणि बोट एकेका मोठ्या घरात घालत गेली. मग सावकाश म्हणाली, "मावशी, आई हसली त्या जागा आहेत ह्या. हसली की सुई थांबायची तिची, आठवत नाही? आणि हसून झाल्यावरचं पहिलं घर असं पडायचं." तिने मावशीकडे बघितलं. "तू ओठ दाबून विणतेस. म्हणून घट्ट होतं. तू हसत विण."

"हसत विण म्हणे! हसायला काही कारण लागतं की नाही?"

"मी सांगते विनोद."

आणि तिने सांगितले. रेडिओसाठी पाठ केलेले सगळे. मावशी ऐकायची, "हा. हा." असं दोन वेळा मोजून म्हणायची आणि पुढचा टाका घालायची. फुलं होती तेवढीच राहिली. टिटवी माकडासारखे आवाज काढून बघत होती, आणि मावशी म्हणत होती, "बाई, घसा बसेल तुझा, शनिवारी काय करशील?"

मग वडील खुर्चीतून म्हणाले, "मांजर टोपी घेऊन पळालं."

मावशीचा हात थांबला.

"काय?" टिटवीने विचारलं.

"म्हणजे, टोपी डोक्यातून निघाली, मांजरावर पडली, आणि मांजर टोपीसकट खिडकीतून..." वडिलांनी घसा खाकरला. "त्याच्या आधी असं झालं होतं की..."

"अहो भाऊजी, ते शेवटी येतं!" मावशी म्हणाली. "तुम्ही शेवटच आधी सांगितलात! तिने सगळ्या जन्मात दोनशे वेळा सांगितली असेल ही गोष्ट, एवढं तरी शिकायचं."

"तुम्ही रागावायचात ना ती सांगायला लागली की."

"रागावेन नाही तर काय? माझी फजिती होती ती!"

"मग तुम्हीच सांगा नीट," वडील म्हणाले आणि मागे टेकून बसले.

मावशी जरा घुटमळली. मग सुई पुन्हा हातात घेतली, कदाचित कुणाकडे बघावं लागू नये म्हणून, आणि सांगू लागली. "आमच्या बाबांसाठी मी टोपी विणत होते, थंडीची. माप घ्यायला डोकं हवं होतं, आणि बाबा तर झोपलेले. तेवढ्यात दार वाजलं. चष्म्याच्या दुकानातला पोरगेलासा माणूस, बाबांचा नवा चष्मा द्यायला आलेला. तुझा हा बाप. घरात रिकामं डोकं तेवढंच होतं. मी म्हटलं, जरा बसा. आणि टोपी घातली डोक्यावर."

"दाबून घातली," वडील म्हणाले.

"मध्ये बोलू नका. घातली, आणि ती निघेना! मी ओढते, हे खुर्चीसकट वर येतात. कान लालबुंद, भुवया कपाळाच्या मध्यावर. आणि हे काय म्हणावेत? 'असू द्या, उबदार आहे!'" मावशीचे खांदे हलले. मी तिच्या मांडीवर होतो, मला सगळ्यात आधी कळलं. "आणि ती आमची धाकटी, दारात उभी राहून नुसती हसतेय, हसतेय, मदत करायचं नाव नाही. शेवटी दोघींनी मिळून ओढली, तशी फट्‌कन सुटली, उडाली, ती थेट कोपऱ्यातल्या झोपलेल्या मांजरावर, आणि मांजर... मांजर टोपीसकट..."

पुढचं तिला बोलता येईना. आधी खांदे, मग पोट, आणि मग आवाज. अगदी तसाच क्रम! मला तर क्षणभर कळेना मी कुणाच्या मांडीवर आहे. टिटवी टेबलावर डोकं ठेवून हसत होती. वडील नुसते गालातल्या गालात.

"खरं तर," हसणं जरा ओसरल्यावर वडील म्हणाले, "ती टोपी निघत होती."

"काय?"

"तुम्ही पहिल्यांदा ओढलीत तेव्हाच सैल झाली होती. मी आतून भुवया ताणून धरली होती."

"अहो, पण कशाला?"

वडिलांनी भिंग रुमालाने पुसलं, उजेडाकडे धरून बघितलं, पुन्हा पुसलं. "ती हसत होती ना. म्हटलं, थांबू नये."

 मग मावशी म्हणाली, "अगं बाई! आणि इतकी वर्षं मी आपली समजतेय की माझा हात घट्ट!" आणि ती पुन्हा जी हसत सुटली, ती डोळे पुसत पुसत. हसताना तिचा हात चालूच होता. त्या भरात फूल पुरं झालं. टिटवीने ते उचलून आईच्या फुलाशेजारी ठेवलं.

बसलं! हुबेहूब नव्हतं, सख्ख्या बहिणी तरी कुठे हुबेहूब असतात? पण खांद्याला खांदा लावून बसलं.

मग काय, रोज संध्याकाळी बैठकच. एकाने गोष्ट काढायची, दुसऱ्याने चूक काढायची. वडील शेवट सांगायचे आणि मावशी सुरुवात करून द्यायची. आईच्याच गोष्टी, आईशिवाय सांगितलेल्या. घरातले आवाज पुन्हा मूळच्या उंचीवर आले. शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" आणि मग त्याही बसल्या ऐकत.

शेवटचं फूल डाव्या खांद्यावरचं. ते विणताना मावशीला कुणी गोष्ट सांगितली नाही, तिनेही सांगितली नाही. ते झालं की आईचं काम संपणार होतं. त्या फुलाच्या वेळी कुणी हसलं नाही. विणून झाल्यावर मावशीने ते पाहिलं आणि म्हणाली, "हे घट्ट झालं गं. उसवते."

"राहू दे मावशी," टिटवी म्हणाली. "तेवढं एक तुझं."

मग मावशीने योक माझ्या कडेला टाचला, बारीक टाक्यांनी शिवला, आणि सवयीने फूटपट्टी काढली. ती माझ्यावर धरली, जराशी तिरकी रेघ तिला दिसलीच असणार. तिने फूटपट्टी परत पर्समध्ये ठेवली. "बसेल," म्हणाली.

शनिवारी टिटवीने मला अंगात घातलं. डोकं सुळकन बाहेर आलं, कुणाला हाक मारावी लागली नाही. आरशात तिने स्वतःला बघितलं आणि मी मला. शेवाळी अंगावर मोतिया फुलं, फुलांतून दिसणारी तिची सावळी त्वचा. दुकानातल्या त्या झालरवाल्या भावंडांनी आता मला बघायला हवं होतं! मी इतका फुगलो की टिटवी म्हणाली, "हा जरा मोठा झाला का?"

रेडिओची खोली लहानशी होती. भिंतींना मऊ अस्तर, मध्ये टेबल, टेबलावर माइक. काचेपलीकडच्या माणसाने बोट वर केलं, लाल दिवा लागला, आणि आमची टिटवी, जन्मापासून बडबडणारी टिटवी, गप्प!  समोर लिहून आणलेली गोष्ट होती, परी आणि सोन्याच्या कमळाची. काचेपलीकडचा माणूस हातवारे करू लागला. टिटवीची बोटं घाबरून माझ्या गळ्याशी आली, इकडेतिकडे फिरली, आणि तिची करंगळी आईच्या त्या मोठ्या घरात अडकली. चांगलीच अडकली. एक हात माझ्यात गुंतलेला, कागद उलटता येईना, करंगळी निघेना. तिने खाली बघितलं. तिचे खांदे हलले, पोट हललं.

"मुलांनो," ती हसू दाबत म्हणाली, "मांजर टोपी घेऊन पळालं."

परी आणि कमळ टेबलावरच राहिले. ती शेवटापासून सुरुवात करून गोष्ट सांगत गेली. काचेपलीकडच्या माणसाने आधी कपाळाला हात लावला, आणि नंतर तोच हात तोंडावर दाबून तो खुर्चीत वाकून हसत होता. लाल दिवा विझला तेव्हा कुठे करंगळी सुटली.

घरी आलो तर दार उघडंच होतं. मावशी उंबऱ्यात. "मांजर भुरं होतं! तू काळं सांगितलंस! आणि माझं वय का वाढवलंस?" असं म्हणत तिने टिटवीला मिठी मारली, इतकी घट्ट की मी दोघींमध्ये चुरगळून गेलो. हात सैल झाला तरी तिची मिठी काही सैल झाली नव्हती.

वडील रेडिओशेजारीच बसले होते, अजून तो बंद न करता. त्यांनी टिटवीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"टॉप छान दिसत होता," ते म्हणाले.

आता मी टिटवीच्या कपाटात असतो, दर शनिवारी बाहेर पडतो. मला हाताने धुतात आणि सावलीत वाळवतात. माझ्या उजव्या बाजूच्या घरांतून वारा जरा जास्त येतो, डाव्या खांद्यावरच्या एका फुलातून अजिबात येत नाही. दोन्ही मला सारखीच प्रिय आहेत. तुमच्या कपाटात माझ्यासारखा कुणी गळ्याशी विरलेला असेल, तर त्याला लगेच फरशीवर पाठवू नका. कात्री घ्या, दोरा घ्या, आणि शेजारी कुणालातरी बोलायला बसवा. विणताना हसू आलं तर थांबा, मनसोक्त हसून घ्या. घर मोठं पडेल. पडू द्या. कधीतरी कुणाची तरी करंगळी तिथे अडकेल.